प्रकाशाची साक्ष आणि दूरच्या ग्रहांची हवा



रामवाडीच्या ज्या घरात बसून मी या भाषणाची टिपणे केली, तेथून पेणच्या खारेपाटातील मिठागरे फार लांब नाहीत. मिठाच्या शेजारी राहणाऱ्या मनुष्यास मिठाचे कौतुक उरत नाही. तथापि त्याचा एक गुण असा आहे की, तो आपल्या स्वयंपाकघरात वारंवार दृष्टीस पडत असूनही त्याकडे क्वचितच कोणी लक्ष देतो. गॅसच्या शेगडीवर ठेवलेली भाताची पेज उतू गेली, म्हणजे खालची निळी ज्योत क्षणभर पिवळीधमक होते. पेजेत मीठ असते, मिठात सोडियम असतो, आणि तापलेल्या सोडियमचा प्रकाश हा असाच पिवळा असतो. तोच प्रकाश लोलकातून नेऊन पाहिला, तर वर्णपटाच्या पिवळ्या भागात अगदी लगत लगत अशा दोन ठळक रेषा दिसतात. ज्योत पेणेतील असो वा पॅरिसमधील, त्या रेषांची जागा तसूभरही हलत नाही.

या रेषांचा दुसरा गुण याहूनही विलक्षण आहे. एखाद्या प्रखर दिव्याच्या आणि आपल्या डोळ्यांच्या मध्ये सोडियमची थोडी थंड वाफ आली, तर ती वाफ दिव्याच्या प्रकाशातून नेमके तेच दोन पिवळे रंग गिळून टाकते, आणि उजळ रेषांच्या जागी काळ्या रेषा उमटतात. म्हणजे पदार्थ स्वतः पेटला असो, अगर दुसऱ्याच्या प्रकाशाच्या वाटेत नुसता उभा असो, आपली ओळख तो मागे ठेवून जातो. हायडलबर्ग येथे किर्खोफ आणि बुन्सेन या दोघा शास्त्रज्ञांनी १८५९-६० च्या सुमारास ही गोष्ट निश्चित केली. तेव्हापासून हात न लावता, वास न घेता, केवळ प्रकाशाच्या साक्षीवरून दूरच्या पदार्थाचा शोध घेण्याची विद्या मनुष्यास प्राप्त झाली. आज ही विद्या इतकी पुढे गेली आहे की, शेकडो प्रकाशवर्षे दूर असलेल्या ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांच्या हवेत कोणते वायू आहेत, हे ज्योतिषी सांगू लागले आहेत. परंतु साक्ष म्हटली की उलटतपासणी आली. या उलटतपासणीचा बराचसा इतिहास आपल्या महाराष्ट्राच्या मातीवर आणि तिच्या शेजारी घडला. तोच आज मला आपणांस सांगावयाचा आहे.

प्रारंभ माझ्याच एका चुकीने करतो. विजयदुर्गच्या किल्ल्यात 'साहेबाचे ओटे' म्हणून काही चौथरे दाखविले जातात. नॉर्मन लॉकियर या इंग्रज ज्योतिष्याने १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाच्या वेळी याच ओट्यांवर दुर्बीण रोवली आणि हेलियम हे मूलद्रव्य शोधून काढले, अशी हकीकत कोकणात मोठ्या अभिमानाने सांगितली जाते. त्या तारखेस तेथे हेलियम दिनही साजरा होतो. मीदेखील ही हकीकत मुलांना अनेक वर्षे सांगत आलो. पुढे तारखा पडताळून पाहिल्या तेव्हा ध्यानात आले की, १८६८ च्या त्या दिवशी लॉकियर साहेब विजयदुर्गावर नव्हते. ते इंग्लंडातच होते. विजयदुर्गास ते आले ते तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. ऑगस्ट महिन्यात कोकणचे आकाश कसे असते हे ज्याने पाहिले आहे, त्याला खरे तर ही शंका आधीच यावयास हवी होती. ती मला आली नाही, कारण गोष्ट आपल्या गावाकडची आणि कानाला गोड लागणारी होती.

मग १८६८ साली घडले काय? ग्रहणाच्या छायेचा पट्टा दक्षिण महाराष्ट्रावरून पूर्वेस आंध्र किनाऱ्याकडे गेला होता. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल यांचा तळ होता. युरेनस शोधून काढणाऱ्या विल्यम हर्शेलचा हा नातू. विजापुरास कॅप्टन हेग हे अधिकारी होते, गुंटूरास मेजर टेनंट आणि फ्रान्सहून आलेले जान्सेन, तर मच्छलीपट्टणास मद्रास वेधशाळेचे पॉगसन. जमखंडीस ढग सरकत होते, आणि त्यांच्या फटींतून जे दिसेल ते टिपून घेणे एवढेच हर्शेल यांच्या हाती होते. चंद्राने सूर्यबिंब झाकताच त्याच्या कडेवर ज्या तांबड्या ज्वाला दिसतात, त्यांचा प्रकाश त्यांनी वर्णपटदर्शकात धरला. तांबडी, नारिंगी आणि निळी अशा तीन झगझगीत रेषा त्यांना दिसल्या. या ज्वाला म्हणजे तापलेला वायू आहे, हे त्या दिवशी निर्विवाद ठरले, आणि हा शोध लहान नव्हता. परंतु त्यातील नारिंगी-पिवळ्या रेषेबद्दल हर्शेल यांनी निर्णय दिला तो असा की, ही सोडियमची रेषा होय. गुंटूरच्या टेनंट यांचेही मत तेच पडले. पॉगसन यांना मात्र ती सोडियमच्या जागी अगदी बरोबर बसते की नाही, याची खात्री वाटली नाही.

त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. सोडियमची जोडरेषा ५८९ नॅनोमीटरच्या आसपास पडते, आणि ज्वालांतील पिवळी रेषा पडते ५८७.६ वर. ग्रहणाच्या काळोखात, घाईच्या क्षणांत एवढे अंतर ओळखणे म्हणजे धावत्या आगगाडीतून दोन जुळ्या भावांतील फरक सांगण्यासारखे आहे. जान्सेन यांनी दुसऱ्याच दिवशी, ग्रहण नसताना, भर उन्हात त्या ज्वालांच्या रेषा पाहण्याची युक्ती साधली. ऑक्टोबरात लॉकियर यांनीही इंग्लंडात स्वतंत्रपणे तेच केले. आता घाई उरली नव्हती. पिवळी रेषा पुनःपुन्हा मोजता येऊ लागली, तेव्हा ती सोडियमची नव्हे हे स्पष्ट झाले. लॉकियर यांनी तिच्यासाठी एका नव्या मूलद्रव्याची कल्पना केली आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून त्यास हेलियम म्हटले. पुष्कळ विद्वानांनी तेव्हा नाक मुरडले. अखेर १८९५ साली विल्यम रॅमसे यांना युरेनियमच्या एका खनिजातून निघालेल्या वायूत तीच रेषा सापडली, तेव्हा हेलियमची साक्ष पुरी झाली. मध्ये सत्तावीस वर्षे लोटली होती.

आता पुण्याकडे वळू. तेथील कॉलेज ऑफ सायन्स या संस्थेत, म्हणजे आजच्या अभियांत्रिकी विद्यापीठाच्या पूर्वावतारात, कावसजी दादाभाई नायगमवाला नावाचे पारशी प्राध्यापक होते. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी देणगी दिली, मुंबई सरकारने तिला भर घातली, आणि 'महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा' उभी राहिली. तिची वीस इंची आरशाची दुर्बीण त्या काळी हिंदुस्थानातील सर्वांत मोठी होती. आपल्या मराठी वाचकांना नायगमवालांचे नाव फारसे ठाऊक नाही, याचे मला वाईट वाटते. खगोलाच्या वर्णपटाचा पद्धतशीर अभ्यास करणारे ते या देशातील पहिल्या काही माणसांपैकी होत.

त्यांचे एक काम आजच्या विषयाच्या अगदी मर्मावर आहे. ते कळण्यासाठी एक भेद आधी सांगितला पाहिजे. एकट्या अणूचा प्रकाश सुट्या, रेखीव रेषांच्या रूपाने येतो. दोन किंवा अधिक अणू एकत्र बांधले जाऊन रेणू झाला (आमच्या जुन्या पुस्तकांत यांनाच परमाणू आणि अणू म्हणत), की तो स्वतःभोवती फिरतो आणि त्यातील अणू स्प्रिंगने जोडल्यासारखे कंप पावतात. त्यामुळे रेणूच्या वर्णपटात एकेका रेषेऐवजी असंख्य बारीक रेषांची गर्दी होते, आणि साध्या उपकरणातून ती एका अंगास तीक्ष्ण कड असलेल्या व दुसऱ्या अंगास हळूहळू पुसट होत जाणाऱ्या पट्टीसारखी दिसते. रेषा म्हणजे अणू, पट्टी म्हणजे रेणू, असा स्थूल हिशेब धरावा.

मृग नक्षत्रातील तेजोमेघाच्या वर्णपटात एक हिरवी रेषा फार ठळक दिसते. लॉकियर साहेब म्हणजे त्या काळचे या शास्त्रातील मोठे प्रस्थ, 'नेचर' या नियतकालिकाचे संस्थापक संपादक. त्यांचे म्हणणे असे होते की ही रेषा नव्हेच, तापलेल्या मॅग्नेशियमच्या पट्टीची ती नुसती उरलेली कड आहे. साऱ्या विश्वाची उत्पत्ती उल्कांपासून झाली असा त्यांचा सिद्धांत होता, आणि त्यात ही पट्टी नेमकी बसत होती. नायगमवालांनी पुण्याहून ती रेषा तपासली. पट्टी असती तर एक बाजू तीक्ष्ण आणि एक बाजू विरळ दिसावयास हवी होती. कशाही रीतीने पाहिली तरी ती दोन्ही बाजूंनी सारखीच रेखीव होती. १८९१ साली रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिकात त्यांनी तसे लिहून प्रसिद्ध केले. पुढे १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी दाखविले की ती रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजन अणूची आहे. आणि ज्या पट्टीशी लॉकियर यांनी तिची गल्लत केली, ती मॅग्नेशियम व ऑक्सिजन यांच्या रेणूची होती. अणू की रेणू, हाच तो वाद होता, आणि पुण्याच्या प्राध्यापकाची साक्ष खरी ठरली.

मग आले २२ जानेवारी १८९८ चे ग्रहण. यावेळी ऋतू अनुकूल होता. मुंबई इलाख्यात प्लेगचा कहर चालू असताना, विजयदुर्गापासून विदर्भापर्यंत ठिकठिकाणी परदेशी ज्योतिष्यांचे तळ पडले. विजयदुर्गास लॉकियर यांच्या मदतीस 'मेलपोमिनी' या युद्धनौकेवरील खलाशी होते. त्यांना दुर्बिणी हाताळण्याची कवाईत शिकविण्यात आली होती. साहेबाच्या ओट्यांची खरी गोष्ट शोधावयाची असेल तर ती येथे शोधावी. सोलापूर जिल्ह्यातील करमाळे तालुक्यात जेऊर नावाचे रेल्वे स्टेशन आहे. तेथील माळावर नायगमवालांनी आपला तळ दिला, आणि तेथेच कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेहून विल्यम कँपबेल हे चाळीस फूट लांबीचा कॅमेरा घेऊन आले. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटे टिकली. आकाश निरभ्र होते आणि काम मनाजोगे झाले. नायगमवालांनी आपल्या कामाचा सविस्तर अहवाल पुढे मुंबईत छापून प्रसिद्ध केला.

कँपबेल यांचे नाव मी मुद्दाम घेतले. दूरच्या ग्रहाच्या हवेत अमुक रेणू आहे असे म्हणण्यापूर्वी काय करावे लागते, याचा पहिला मोठा धडा जेऊरास येण्यापूर्वी चार वर्षे याच गृहस्थांनी घालून दिला होता. आणि तो धडा ज्यांच्या विरुद्ध गेला, त्यांत गुंटूरचे जान्सेन हेही होते. १८६७ साली जान्सेन यांनी सिसिलीतील एटना पर्वतावर चढून मंगळाचा प्रकाश तपासला आणि मंगळावर पाण्याची वाफ आहे असे जाहीर केले. पर्वतावर चढण्याचे कारण उघड आहे. आपल्या स्वतःच्या हवेत वाफ भरलेली असते, आणि मंगळाचा प्रकाश आपल्याकडे येताना तिच्यातूनच येतो. उंचावर ही वाफ कमी. पण कमी म्हणजे नाहीशी नव्हे. कँपबेल यांनी १८९४ मध्ये वेगळी रीत योजली. चंद्रावर हवा नाही, हे ठाऊकच आहे. तेव्हा मंगळ आणि चंद्र आकाशात सारख्याच उंचीवर असताना दोघांचे वर्णपट घ्यावेत. मंगळाच्या वर्णपटात जे अधिक दिसेल ते मंगळाचे, जे दोघांत सारखे दिसेल ते आपले. अधिक काही दिसलेच नाही. मंगळावर कालवे व शेती पाहणाऱ्या लोकांना हा निकाल मुळीच रुचला नाही, आणि कँपबेल यांच्यावर बरीच टीका झाली. मंगळावर पाण्याची वाफ अखेर १९६३ मध्ये निश्चितपणे सापडली, पण ती इतकी थोडी की १८६७ च्या उपकरणांना ती दिसणे शक्यच नव्हते. जान्सेन यांनी पाहिली ती वाफ सिसिलीची होती.

१९६३ चा तो शोध कसा लागला तेही सांगतो, कारण ती युक्ती पुढे पुन्हा भेटणार आहे. आगगाडी जवळ येताना तिच्या शिट्टीचा सूर चढतो आणि दूर जाताना उतरतो. प्रकाशाचेही तसेच आहे. मंगळ आपल्यापासून वेगाने सरकत असताना त्याच्या रेषा किंचित बाजूला सरकतात, आपल्या हवेच्या रेषा मात्र जागच्या जागी राहतात. दोन साक्षीदारांचे आवाज असे वेगळे करता आले.

मधल्या काळात रेणूंच्या पट्ट्या ओळखण्याची विद्या प्रयोगशाळांतून पुष्कळ वाढली. पट्टी आकाशात दिसून उपयोग नाही. पृथ्वीवर तो रेणू तापवून अथवा नळीत भरून त्याची पट्टी आधी मोजलेली असावी लागते. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये १९३० नंतरच्या वर्षांत एन. आर. तावडे हे अशाच पट्ट्यांच्या तीव्रतेची मोजमापे करीत होते. असली कामे वर्तमानपत्रांत येत नाहीत, पण त्यांच्यावाचून ताऱ्यांची भाषा वाचता येत नाही. १९३२ मध्ये माउंट विल्सन वेधशाळेतून शुक्राच्या हवेत कार्बन डाय-ऑक्साइड सापडला. त्याच सुमारास गुरूवर मिथेन व अमोनिया ओळखले गेले. १९४४ मध्ये कायपर यांना शनीच्या टायटन या चंद्रावर मिथेन आढळला. हे निकाल टिकले.

सगळेच टिकले असे नाही. १९५० नंतरच्या दशकात विल्यम सिंटन यांना मंगळाच्या अवरक्त प्रकाशात काही पट्ट्या आढळल्या. शेवाळे व वनस्पती यांच्या पट्ट्यांशी त्या जुळत होत्या. मंगळावर वनस्पती असल्याची वार्ता जगभर पसरली. १९६५ मध्ये उलगडा झाला तो असा की, त्या पट्ट्या जड हायड्रोजन असलेल्या पाण्याच्या वाफेच्या होत्या, आणि ती वाफ मंगळावरची नव्हे, पृथ्वीवरचीच. सिंटन स्वतः त्या उलगड्यात सामील होते, हे त्यांच्या मोठेपणाचे लक्षण होय. म्हणजे एटनावर जान्सेन यांना ज्या साक्षीदाराने फसविले, त्यानेच सुमारे नव्वद वर्षांनी सिंटन यांनाही फसविले.

आता आपल्या सूर्यमालेबाहेर पाऊल टाकू. सूर्यासारख्या दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणारा पहिला ग्रह १९९५ साली सापडला. हे ग्रह डोळ्यांना तर सोडाच, बहुतेक दुर्बिणींनाही दिसत नाहीत. ताऱ्याच्या झोतात ते बुडून गेलेले असतात. मग त्यांची हवा पाहावी कशी? येथे ग्रहणच पुन्हा कामास आले. एखाद्या ग्रहाची कक्षा अशी तिरपी असते की तो दर फेरीस ताऱ्याच्या बिंबावरून जातो. यास अधिक्रमण म्हणतात. पेगॅसस तारकासमूहातील, म्हणजे आपल्या भाद्रपदांच्या चौकोनाकडील, एचडी २०९४५८ या ताऱ्याभोवतीचा ग्रह १९९९ मध्ये असा पकडला गेला. दर साडेतीन दिवसांनी सुमारे तीन तास तो ताऱ्यापुढून जातो आणि ताऱ्याचा प्रकाश शेकडा सुमारे दीड भागाने कमी होतो. ग्रह टणक चेंडू असता तर सर्व रंग सारखेच कमी झाले असते. परंतु त्याच्या भोवती हवेचा पातळ वेढा असतो, आणि ताऱ्याचा थोडासा प्रकाश त्या वेढ्यातून गाळला जाऊन आपल्याकडे येतो. मावळता सूर्य आपल्या हवेच्या जाड थरातून पाहिला असता तांबडा दिसतो, तसाच हा प्रकार. हवेत सोडियम असेल तर सोडियमच्या रंगात ग्रह किंचित मोठा दिसेल, म्हणजे त्या रंगात ग्रहण किंचित गडद होईल.

डेव्हिड शार्बोनो आणि त्यांचे सहकारी यांनी हबल दुर्बिणीने नेमके हेच मोजले आणि २००१ अखेर निकाल जाहीर केला. पेजेच्या ज्योतीतील त्याच पिवळ्या जोडरेषेत ग्रहण इतर रंगांपेक्षा अधिक गडद होते. किती अधिक? दहा हजार भागांत सव्वादोन भाग. पृथ्वीच्या हवेबाहेर गेलेल्या दुर्बिणीवाचून हे मोजणे तेव्हा अशक्यप्राय होते. परक्या सूर्याच्या ग्रहाची हवा मनुष्याने चाचपली ती ही पहिली.

परंतु उलटतपासणी येथेही चुकली नाही. २०२० मध्ये काही युरोपीय ज्योतिष्यांनी पृथ्वीवरील मोठ्या दुर्बिणी व अतिसूक्ष्म वर्णपटदर्शक वापरून दाखविले की, ग्रह ताऱ्याच्या बिंबाचा जो भाग झाकतो त्याप्रमाणे ताऱ्याच्याच सोडियम रेषेचा आकार बदलतो, आणि त्या बदलानेच ग्रहाच्या सोडियमचा आभास उत्पन्न होऊ शकतो. पूर्वी खोटा साक्षीदार आपली हवा होती, आता तारा स्वतःच साक्ष बिघडवू लागला. त्या पहिल्या शोधाचा वाद म्हणून पुन्हा उघडला गेला. मात्र त्याच ग्रहाबद्दल दुसरी साक्ष अधिक भक्कम आहे. २०१० मध्ये इग्नास स्नेलेन आणि मंडळींनी चिलीतील दुर्बिणीने त्याच्या हवेत कार्बन मोनॉक्साइडच्या रेषा पाहिल्या, आणि ग्रह सेकंदाला सुमारे १४० किलोमीटर वेगाने फिरत असता त्या रेषा त्याच्याबरोबर सरकत होत्या. तारा तसा सरकत नाही, पृथ्वीची हवाही नाही. मंगळावर १९६३ मध्ये वापरलेली हीच ती युक्ती.

२०२१ च्या नाताळच्या दिवशी सुटलेल्या जेम्स वेब दुर्बिणीने या विद्येचे रूपच पालटले. साडेसहा मीटरचा तिचा आरसा अवरक्त प्रकाश पाहतो, आणि रेणूंच्या बहुतेक ठळक पट्ट्या तेथेच असतात. २०२२ मध्ये कन्या राशीतील वॅस्प-३९ या ताऱ्याच्या ग्रहावर तिला कार्बन डाय-ऑक्साइडची पट्टी इतकी ठसठशीत दिसली की वादास जागाच राहिली नाही. पाठोपाठ तेथे सल्फर डाय-ऑक्साइडही आढळला. ताऱ्याच्या प्रकाशाने ग्रहाच्या हवेत घडवून आणलेल्या रासायनिक क्रियेचे ते चिन्ह होते.

आता ज्या प्रकरणाने अलीकडे वर्तमानपत्रे भरली, ते सांगतो. सिंह राशीच्या दिशेस के२-१८ नावाचा एक मंद, तांबडा तारा आहे. त्याच्याभोवती तेहेतीस दिवसांत फेरी करणारा एक ग्रह आहे. त्याचे वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे साडेआठपट, आणि त्याला मिळणारी ऊब पृथ्वीला सूर्यापासून मिळणाऱ्या उबेएवढी. २०१९ मध्ये हबलच्या निरीक्षणांवरून जाहीर झाले की तेथे पाण्याची वाफ आहे. २०२३ मध्ये वेब दुर्बिणीने पाहिले तेव्हा मिथेन व कार्बन डाय-ऑक्साइड स्पष्ट दिसले, आणि पूर्वी पाण्याची म्हणून सांगितलेली पट्टी मिथेनची ठरली. हबलच्या मर्यादित रंगांत त्या दोन रेणूंच्या पट्ट्या एकमेकींवर पडत होत्या. जमखंडीच्या पिवळ्या रेषेची आठवण व्हावी असाच हा प्रकार. फरक एवढाच की तेव्हा चूक उघडकीस येण्यास काही महिनेच लागले, आणि येथे चार वर्षे.

याच निरीक्षणांत केंब्रिजचे निक्कू मधुसूदन यांना आणखी एका रेणूची पुसट चाहूल लागली. मधुसूदन हे भारतीय, काशीच्या तंत्रविद्या संस्थेचे विद्यार्थी. रेणूचे नाव डायमिथाइल सल्फाइड. आपण खाडीकाठी अथवा समुद्रावर उभे राहिलो असता जो विशिष्ट वास येतो, त्यात या वायूचा वाटा असतो. आपल्या समुद्रात तो मुख्यतः सूक्ष्म वनस्पतिजीव निर्माण करतात. म्हणून एप्रिल २०२५ मध्ये त्यांच्या गटाने दुसऱ्या एका उपकरणाची निरीक्षणे पुढे करून, हा अथवा याच्याशी निकटचा दुसरा रेणू तेथे असावा असे सांगितले, तेव्हा परग्रहावर जीवसृष्टी सापडल्याच्या बातम्या जगभर झळकल्या. गटाने स्वतः सांगितलेला विश्वासाचा दर्जा होता तीन सिग्मा. ढोबळमानाने बोलावयाचे तर केवळ योगायोगाने असा आकडा येण्याचा संभव हजारांत तीन. विज्ञानात शोध म्हणण्यासाठी यापेक्षा बराच कडक दंडक लावतात. शिवाय त्या आकड्यातही एक गृहीत दडलेले असते. कोणकोणते रेणू तेथे असू शकतील, यांची यादी आपणच करतो आणि त्यांतून निवडतो. काही महिन्यांतच इतर संशोधकांनी तीच निरीक्षणे स्वतंत्रपणे पुन्हा तपासली. कोणी म्हणाले, निरीक्षणांतील चढउतार नुसत्या गोंगाटाहून वेगळे दिसत नाहीत. कोणी म्हणाले, दुसरे अनेक रेणू तितकेच चांगले बसतात. तशातच २०२४ मध्ये हा वायू एका धूमकेतूवर, जेथे जीवांचा संबंध नाही, तेथेही आढळल्याचे जाहीर झाले होते. प्रकरण निकालात निघालेले नाही. मला स्वतःला त्या दाव्याचा राग येत नाही. लॉकियर यांचाही एक दावा फसला आणि एक जगाने स्वीकारला. राग येतो तो पहिल्या दिवशीच्या मथळ्यांचा, आणि विजयदुर्गाची गोष्ट आठवून थोडा स्वतःचाही.

एक योगायोग मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही. के२-१८ आपल्यापासून सुमारे १२४ प्रकाशवर्षे दूर आहे. वेब दुर्बिणीने २०२३ साली जो प्रकाश पकडला, तो त्या ग्रहाच्या हवेतून गाळला जाऊन १८९९ च्या सुमारास निघाला. जेऊरच्या माळावरील तंबू उठून तेव्हा वर्ष होत आले होते.

सिंह राशीच्याच दक्षिणेस षडंश नावाचा एक फिका तारकासमूह आहे. तेथील एचडी ८६०८१ या ताऱ्याला आणि त्याच्या ग्रहाला नावे देण्याचा मान आंतरराष्ट्रीय खगोल संघाने २०१९ मध्ये भारताला दिला. ताऱ्याचे नाव मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेल्या विदुषी बिभा चौधुरी यांच्यावरून 'बिभा' ठेवण्यात आले. ग्रहाचे नाव पुण्यातील एका तेरा वर्षांच्या शाळकरी मुलाने सुचविले. ते आहे 'संतमस', म्हणजे झाकोळलेला. ग्रहाची हवा ढगाळ असावी, या कल्पनेवरून ते घेतले आहे. ग्रह वजनदार आहे, गुरूच्या दीडपट, आणि दोन दिवसांहून थोड्या अधिक काळात तो फेरी पुरी करतो. २००६ मध्ये तो सापडला, तेव्हाच ज्योतिष्यांनी तो ताऱ्यापुढून जातो काय हे पाहून घेतले होते. तसे होण्याचा संभव शेकडा सतराच्या वर होता. तो गेला नाही. त्यामुळे ग्रहणाची रीत येथे चालत नाही, आणि पुण्याच्या मुलाने ज्यांच्यावरून नाव दिले ते ढग अद्यापि कोणी पाहिलेले नाहीत.